दोन लढाया आणि चार कुणगे

इराकमध्ये बसऱ्याजवळ पहिल्या महायुद्धातल्या मृतांचे एक प्रचंड स्मारक आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत जे मेले आणि ज्यांची कबर किंवा चिता कुठे ते कधीच समजले नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी ते १९२९ मध्ये उभारले गेले. आधी ते शत-अल-अरबच्या काठी, गोदीजवळ होते. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते उतरवून नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटर आत, वाळवंटात, पुन्हा रचले. त्याच्या भिंतींवर गोऱ्या सैनिकांची नावे अगदी साध्या शिपायापर्यंत कोरलेली आहेत. हिंदी पलटणींच्या पाट्यांवर मात्र अंमलदारांची नावे, आणि त्यांच्याखाली एक आकडा: आणखी इतके हिंदी सैनिक. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०२१ मध्ये, ही स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीच्या अहवालावरून हा भेदभाव मान्य केला आणि त्याबद्दल माफी मागितली.

मला ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो माणूस त्या आकड्यातही नाही, कारण तो परत आला. मालवण तालुक्यातल्या कुठल्याशा गावात, मसुऱ्याकडे किंवा पोईप-कट्ट्याच्या बाजूला, त्याचे चार कुणगे, म्हणजे भातशेतीचे चार लहान तुकडे, होते. विशीच्या आत तो पलटणीत गेला, मेसोपोटेमियात लढला, घरी येऊन पुन्हा नांगराला लागला. चाळिशी उलटल्यावर दुसरे महायुद्ध लागले, तेव्हा परत खाकी चढवली, तेही संपले आणि तो पुन्हा त्याच चिखलात उतरला. मेलेल्याची निदान मोजदाद झाली. जो जगला, त्याची पेन्शनच्या चोपडीपलीकडे कुठे नोंद घ्यावी असे कोणाला वाटले नाही, आणि त्यालाही ते वाटले नाही. आपण शेतकरी आहोत, मधे दोनदा लढाईला जाऊन आलो, एवढीच त्याची स्वतःविषयीची समजूत होती. ती समजूत मला बरोबर वाटते. त्याच्यावर जे काही थोडे लिहिले गेले ते पलटणीच्या बाजूने, शौर्याच्या भाषेत. त्याचे आयुष्य शेताच्या बाजूने वाचले पाहिजे, असा माझा आग्रह आहे आणि पुढची सगळी पाने त्या आग्रहापोटी लिहिली आहेत.

पुढे येते ते एका व्यक्तीचे चरित्र नव्हे. साधारण १८९५ ते १९०० या काळात जन्मलेल्या पिढीचे ते चरित्र आहे. मुंबईत प्लेग आला तो १८९६ साली, म्हणजे ही मुले जन्मली तेव्हाच मुंबईहून चाकरमानी जीव मुठीत घेऊन गावाकडे पळत होते. १८९८ सालचा मुलगा घेतला तर १९१६ मध्ये तो अठरा वर्षांचा, १९३९ मध्ये एकेचाळीसचा आणि स्वातंत्र्य मिळाले तेव्हा एकोणपन्नासचा. दोन्ही महायुद्धांच्या भरती-वयात बसणारी हीच एक पिढी. थोडा आधी जन्मलेला दुसऱ्या युद्धाला म्हातारा ठरला, थोडा नंतरचा पहिल्याला पोर ठरला.

आता त्याची शेती. मालवणच्या भातशेतीचा जमाखर्च ज्याला ठाऊक नाही, त्याला हा माणूस लढाईला का गेला हे कळणार नाही. समुद्राकडची पट्टी पुळणीची आणि माडांची. आत गेले की जांभ्याचे सडे, आणि सड्यांच्या मधल्या घळीत, व्हाळाच्या दोन्ही अंगांना, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारे कुणगे. एकेक कुणगा एवढासा, की जोत फिरवायला जागा पुरत नाही. उन्हाळ्यात कवळ तोडायची, वाळवायची, तरव्याच्या, म्हणजे रोपांच्या, जागेवर भाजावळ करायची, मृग लागला की पेरायचे, आषाढात चिखल करून लावणी. दसऱ्याच्या आगेमागे कापणी. ज्याच्या जमिनीला पाणी असेल त्याला वायंगणी भात. बाकीच्यांनी ओलीवर कुळीथ टाकायचा आणि भरडावर नाचणी, वरी. एवढे करून घरचा तांदूळ शिमग्यापर्यंत पुरला तर वर्ष बरे म्हणायचे. उरलेले महिने विकतच्या तांदळावर, आणि तो पुष्कळदा रंगूनचा. भाऊ चार असले की चार कुणग्यांचे वाटे पडायचे, आणि मग चौघांपैकी तिघांना बाहेर पडणे भागच होते.

बाहेर पडण्याच्या वाटा तीन. मुंबईची गिरणी, बोटीवरची नोकरी आणि पलटण. किनाऱ्यावरच्या गाबितांना, भंडाऱ्यांना, कोकणी मुसलमानांना समुद्र जवळचा. रॉयल इंडियन मरीनमध्ये आणि व्यापारी आगबोटींवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या (मालवण तेव्हा त्याच जिल्ह्यात) खलाशांचा भरणा मोठा होता. आतल्या गावांतल्या मराठ्यांना पलटण जवळची. मराठा पलटणींत दख्खनी मराठे आणि कोकणी मराठे यांच्या कंपन्या वेगळ्या असत, आणि त्या कोकणी कंपन्यांत गावच्या गाव, वाडीच्या वाडी एकत्र सापडे. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. आज तो आकडा ऐकून हसू येईल, पण वर्षातून एकदाच पीक हाती येणाऱ्या घरात दरमहा ठरलेल्या तारखेला रोख रक्कम येणे ही केवढी मोठी गोष्ट होती! साऱ्याचा हप्ता भरायचा, वाण्याचे फेडायचे, बहिणीचे लग्न करायचे, ते सगळे या मनिऑर्डरवर. राजाविषयीचे प्रेम, साहसाची हौस, मराठ्यांचा क्षात्रधर्म अशी कारणे भरतीच्या भाषणांत ऐकू येत. घरातली कारणे पेजेच्या मडक्यातली होती.

महारांची गोष्ट वेगळी आणि जास्त बोचरी आहे, तिच्याकडे पाठ फिरवून हा विषय मांडणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. कोकणातल्या महारांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांची भरती बंद झाली. मग १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला त्यांची आठवण झाली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ मध्ये पलटण मोडली. पुन्हा दुसरे महायुद्ध, पुन्हा तुटवडा. डॉ. आंबेडकरांनी सतत लावून धरल्यावर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली. मराठा शेतकऱ्याला दोन युद्धांच्या मधे परतायला आपले चार कुणगे तरी होते. महार शिपाई परतला तो दुसऱ्याच्या बांधावर आणि वतनाच्या बिनमोबदल्याच्या राबणुकीत. ज्याने सरकारची खाकी चढवली त्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. पलटण मोडल्यानंतरची ती वीस वर्षे त्याने कशी काढली, हा प्रश्न पुस्तकभर माझी पाठ सोडत नाही.

पहिल्या महायुद्धाचा मालवणशी संबंध मुख्यतः मेसोपोटेमियातून येतो. १९१४ च्या नोव्हेंबरात हिंदी फौज शत-अल-अरबच्या मुखाशी उतरली आणि बसरा घेतले गेले. त्या फौजेत पुण्याचे सहावे डिव्हिजन होते आणि डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१५ मध्ये शैबा, नोव्हेंबरात बगदादच्या दारात टेसिफोन. तिथून माघार घेत ही फौज तैग्रिस नदीच्या एका वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावात शिरली आणि तुर्कांनी वेढा घातला. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पाच महिने.

कुतमधल्या उपासमारीवर लष्करी इतिहासांत पुष्कळ आहे, पण ते वाचताना माझे लक्ष सारखे अन्नाकडे जाते, कारण तिथे अडकलेला कोकणी माणूस भात खाणारा होता. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि माशाचे तिखले, नाहीतर कुळथाची पिठी. कुतमध्ये त्याच्या हातात जवाचे पीठ आले, आणि तेही रोज कमी होत गेले. पुढे घोडे आणि खेचरे कापायला घेतली. हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आल्या, तरी बहुतेकांनी एप्रिल उजाडेपर्यंत त्याला हात लावला नाही. भाजीपाल्याचा पत्ता नसल्याने हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला: हिरड्या सुजून रक्त येते, जुन्या जखमा उघडतात, पाय उचलत नाहीत. वेढ्याबाहेर, रसद पोहोचत असलेल्या फौजेतही हाच रोग होता. १९१६ च्या उत्तरार्धात मेसोपोटेमियातल्या अकरा हजारांवर माणसांना तो झाला. ज्याच्या परसात लिंबू, दारात आवळा आणि चैत्रात घरभर कैऱ्या, त्या माणसाचे दात एका लिंबावाचून हलावेत, यात त्या मोहिमेचा सगळा गलथान कारभार दिसतो. औषध म्हणून जे हवे होते ते त्याच्या आईने आंबट म्हणून शेजारणीला वाटून टाकले असते.

शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली. सेनापती टाउनशेंड यांची व्यवस्था इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात झाली. शिपाई बगदादमार्गे मोसुलकडे आणि तिथून रास-अल-ऐनला, बगदाद रेल्वेच्या कामावर चालवत नेले गेले. त्या वाटेवर आणि त्या कामावर किती मेले, त्याचा पुरता हिशेब लागला नाही. बसऱ्याच्या भिंतीवरच्या आकड्यांत ते आहेत.

पण मोहीम कुतपाशी थांबली नाही. त्यानंतर १०५, ११४, ११६ या मराठा पलटणीही तिथे लढल्या. बगदाद मार्च १९१७ मध्ये पडले. ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकतच्या लढाईत ११४ व्या पलटणीने मिळवलेली शौर्यपदके मराठा रेजिमेंट आजही अभिमानाने सांगते. शेजारच्या सावंतवाडी संस्थानचे तरुण राजे बापूसाहेब महाराज, म्हणजे पाचवे खेम सावंत, हेही या युद्धात मेसोपोटेमियाला गेले. राजा आणि त्याच्या मुलखातला कुळवाडी एकाच रणात, ही गोष्ट सावंतवाडीकडे अजून बोलली जाते आणि बोलली जावी. पण राजाचे चरित्र लिहिले गेले.

इकडे घरी काय चालले होते? बोटी बंद असत त्या चार महिन्यांची कल्पना आज करता येत नाही. मुंबईहून मालवणला येणारी आगबोट जूनमध्ये थांबायची ती थेट पावसाळा सरल्यावर सुरू व्हायची. कोकण रेल्वे पुरती सुरू झाली ती १९९८ मध्ये. म्हणजे लावणीच्या दिवसांत, जेव्हा पुरुषाच्या हाताची सर्वांत जास्त गरज, तेव्हाच पत्र सर्वांत उशिरा यायचे. ते घाटावरून, रनरच्या खांद्यावरून येई. वाचणारा शाळामास्तर किंवा पोस्टमन. त्यामुळे नवऱ्याने बायकोला लिहिलेले शब्द आधी पलटणीतल्या लिहिणाऱ्याने ऐकायचे, मग सेन्सॉरने तपासायचे, मग मास्तराने पडवीत मोठ्याने वाचायचे, आणि ती आतल्या दाराआडून ऐकणार. यातून काय खासगी सांगता येणार? खुशाली, पैसे पोचले का, गाय व्याली का, तरवो किती झाला.

नांगर बाईने धरायचा नाही अशी रीत. त्यामुळे पुरुष पलटणीत असलेल्या घराला चिखलणीसाठी दुसऱ्याचे जोत मागावे लागे आणि त्याच्या बदल्यात त्या घरच्या शेतात चार-सहा दिवस लावणीला वाकावे लागे. पाठीवर इरले, पोटऱ्यांपर्यंत चिखल, डाव्या हातात तरव्याची जुडी, उजव्या हाताने तीन-चार काड्या तोडून बोटांनी खाली दाबायच्या, एक पाऊल मागे, पुन्हा. पाऊस उघडला तर बरे, नाहीतर धारेतच. आपल्या कुणग्यांची पाळी शेवटी येई, आणि लावणीला उशीर झाला की दाणा कमी. युद्धाच्या प्रत्येक वर्षात त्या घराचे उत्पन्न असे शेराशेराने घटत गेले. सरकारने घरच्या माणसाला ११ रुपये दिले, त्यातले किती या घटीत गेले याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही. म्हणून मी म्हणतो की या युद्धात दोघे जण लढले. दुसरीला पदक नव्हते.

१९१८ साली पाऊस दगा देऊन गेला आणि त्याच वर्षी मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. जूनमध्ये मुंबई बंदरात तिचा पहिला शिरकाव झाला आणि सप्टेंबरापासून ती गावोगाव पसरली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. लढाईवर मेलेल्या हिंदी सैनिकांची संख्या ७४ हजारांच्या वर धरतात. म्हणजे बंदुकीपासून वाचलेला माणूस घरी आला तेव्हा घरातलीच माणसे कमी झालेली असण्याचा संभव जास्त होता. त्यातून काही पलटणी युद्ध संपल्यावरही तिथेच अडकल्या. १९२० मध्ये इराकात बंड झाले, आणि घराची वाट बघणाऱ्या शिपायांना ते मोडायला ठेवून घेतले गेले.

मधली वीस वर्षे हा या विषयाचा सर्वांत श्रीमंत भाग आहे, आणि नेमका तोच वगळला जातो. १९२२ मध्ये मराठा पलटणींची फेररचना होऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि तिचे शिक्षणकेंद्र बेळगावला बसले. त्यामुळे मालवणच्या पोराला भरतीसाठी मुंबईची बोट धरावी लागेना. सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढला की बेळगाव. आपला माणूस तोवर हवालदार झालेला असेल किंवा पंधरा वर्षे भरून पेन्शनीत निघालेला असेल. गावात त्याला नावाने हाक मारणे बंद झाले. तो हवालदार, तो सुभेदार, आणि त्याचे घर म्हणजे ‘सुभेदाराचा घर’. पेन्शन घ्यायला तालुक्याला जाण्याच्या दिवशी तो कोट घाली. बाकी सगळे दिवस लंगोटी आणि कांबळे. पेन्शनीतून त्याने काय केले हे सात-बाराच्या जुन्या नोंदींत दिसते: वाटणीत गेलेला कुणगा भावाकडून परत घेतला, सड्यावर काजू-आंबा लावला, विहीर खणली, मुलाला मालवणच्या इंग्रजी शाळेत घातले.

आणि याच काळात त्याच्या आसपास देश पेटला. मे १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. वेंगुर्ल्याच्या पलीकडचे हे गाव मालवणहून फार लांब नाही. गांधीजींचे अनुयायी अप्पासाहेब पटवर्धन कोकणात गावोगाव फिरत होते, भंगीमुक्तीची कामे स्वतःच्या हाताने करत होते. सरकारी पेन्शन खाणाऱ्या घरात गांधीटोपी आली तर पेन्शनीचे काय होणार, ही भीती खरी होती. मुलगा सत्याग्रहाला निघाला आणि बाप दार अडवून उभा, असे प्रसंग त्या काळच्या पेन्शनरांच्या घरांत घडणे स्वाभाविकच होते. त्या बापाला इंग्रजधार्जिणा म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे, आणि मला ते अन्यायाचे वाटते. त्याने साम्राज्याची सेवा केली ती पगारासाठी. पेन्शन हे त्या पगाराचे राहिलेले देणे होते, आणि त्यावर चार पोटे उभी होती. पोराचे बरोबर होते, हेही त्याला कळत नव्हते असे नाही.

सप्टेंबर १९३९. चाळिशीतल्या माणसाला आता आघाडीवर कोण नेणार? नेले नाही. पण सैन्य सुमारे दोन लाखांवरून पंचवीस लाखांकडे वाढत होते आणि नव्या पोरांना कवायत शिकवायला, डेपो आणि पूल राखायला, कैद्यांवर पहारा करायला अनुभवी माणसे हवी होती. पेन्शनरांना परत बोलावणे गेले. कोणी बेळगावच्या केंद्रात उस्ताद झाला, कोणी गॅरिसन बटालियनमध्ये, कोणी पायोनियर कोअरमध्ये रस्ते बांधणाऱ्या टोळ्यांवर. पुढच्या फळीत आता त्याचा मुलगा किंवा पुतण्या होता: १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर, १९४२ च्या जूनमध्ये तोब्रुक पडले तेव्हा कैदेत गेलेल्या ‘काळी पाचवी’ या पलटणीत, १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला, नंतर इटलीत. इटलीच्या या आघाडीवर माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी पडला. एकट्याने मशीनगनचे ठाणे घेतल्याबद्दल त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस. कोकणातल्या शेतकरी घरातून गेलेल्या सैनिकांत लोकांना नावाने माहीत असलेला तो जवळजवळ एकटाच आहे.

समुद्रावर गेलेल्यांची तर त्याहून उपेक्षा. दुसऱ्या महायुद्धात हिंदी व्यापारी बोटींवरचे सुमारे सहा हजार खलाशी बुडाले किंवा मारले गेले. त्यांची नावे दगडावर नव्हे, वहीत आहेत. तिची एक प्रत मुंबईत आणि एक चितगावला ठेवलेली आहे. देवबाग, तारकर्ली, वायरीकडच्या घरांतून ती वही उघडून बघायला कोणी गेले पाहिजे.

घरी दुसऱ्या युद्धाची झळ ताटातून आली. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि शिमग्यानंतर ज्या तांदळावर मालवण तालुका जगे तो येणे थांबले. रेशन आले, लेव्ही आली. बाप गॅरिसनमध्ये, मुलगा ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर, आणि घरात ब्रह्मदेशचा तांदूळ नाही. हा धागा एका घरातून दाखवता येतो म्हणूनच मला हे युद्ध मालवणातून सांगावेसे वाटते. आणि युद्ध संपल्यावर आणखी एक गोष्ट घडली. ‘युद्धापुरते’ भरती केलेली पोरे १९४६ मध्ये सुटली तेव्हा पंधरा वर्षे न भरल्याने त्यांना पेन्शन नव्हती. पहिल्या लढाईच्या बापाला पेन्शन आणि दुसऱ्या लढाईच्या मुलाला काहीच नाही! महाराष्ट्र सरकारने दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मानधन द्यायला सुरुवात केली ती चाळीस-एक वर्षांनंतर. तोवर बहुतेकांनी मुंबईची गिरणी गाठलेली होती.

आता वाचकांकडे एक मागणे आहे, आणि ते नीट समजावून सांगितले पाहिजे, कारण या चरित्राचा उरलेला भाग तुमच्या घरांत आहे. देवघराच्या फडताळात किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी पदके असतील तर ती घासूपुसू नका. पहिल्या महायुद्धाची दोन मुख्य पदके. एक चांदीचे: एका बाजूस पाचवा जॉर्ज, दुसरीकडे घोड्यावरचा उघडा पुरुष. दुसरे ब्रॉन्झचे, पंखवाल्या विजयदेवतेचे, सप्तरंगी फितीचे. अनेक घरांत आता ब्रॉन्झचेच उरलेले दिसेल. चांदीचे एखाद्या अडल्या वर्षी सोनाराकडे गेले. पदकाचा चेहरा बघू नका, कड बघा. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. बसऱ्याच्या भिंतीने जे नाव कोरले नाही तसले नाव इथे, बोटाच्या नखाएवढ्या जागेत आहे. मग दुसऱ्या महायुद्धाची पदके बघा. त्यांत एका बाजूस अखंड हिंदुस्थानचा नकाशा उठवलेले, ‘इंडिया’ आणि ‘१९३९-४५’ असे लिहिलेले पदक असेल, तर ते तीन वर्षे देशातच केलेल्या नोकरीचे आहे. एकाच माणसाकडे मेसोपोटेमियाच्या वेळचे ब्रॉन्झ आणि हा नकाशा अशी जोडी सापडली, तर समजा की हाच तो माणूस: तरुणपणी तैग्रिसवर, उतारवयात पहाऱ्यावर.

जे परतले नाहीत त्यांच्या घरी ताटलीएवढी, बारा सेंटिमीटरची, ब्रॉन्झची एक गोल पाटी आली असेल. तिच्यावर फक्त नाव असते, हुद्दा नसतो. मरणात सगळे सारखे म्हणून तो मुद्दाम घातला नाही. तेच सरकार भिंतीवर त्याचा आकडा करत होते.

वॉर ग्रेव्हज कमिशनकडच्या मृतांच्या नोंदी आता संगणकावर पाहता येतात. तिथे सिंधुदुर्ग जिल्हा शोधू नका. तो १ मे १९८१ रोजी झाला. ‘रत्नागिरी’ लिहा, आणि मालवणच्या इंग्रजी नावात ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ घालून बघा. कुडाळ, सावंतवाडीकडचे घर असेल तर ‘सावंतवाडी संस्थान’ या नावाखालीही पाहा. गावांची नावे साहेबाच्या कानाने लिहिलेली आहेत, त्यामुळे ती मोठ्याने वाचा, म्हणजे ओळखू येतील. आडनाव बहुधा नसते. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव, एवढ्यावर भागवलेले असते, तेव्हा पणजोबांच्या वडिलांचे नाव आधी घरात विचारून घ्या. पंजाबातल्या तीन लाखांवर सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयातल्या जुन्या वह्यांतून अशाच गावनिहाय बाहेर काढल्या गेल्या. आपल्याकडे हे काम तलाठी दप्तर, सैनिक कल्याण कार्यालयातले जुने पेन्शन-कागद आणि तुमच्या ट्रंका यांच्यावर अवलंबून आहे. सापडलेल्या कागदाचा फोटो काढताना मागची बाजूही घ्या. मनिऑर्डरीच्या पावतीमागे पुष्कळदा भाताचा हिशेब लिहिलेला असतो, आणि मला तो पदकाइतकाच हवा आहे.